बटण बंद झालं तर धावणार कोण?

सकाळी सकाळी व्हॉट्सअ‍ॅपवर एक मेसेज हमखास येतो. तुम्हालाही येत असेलच. पूर्वी कसं सगळं छान होतं, घरात मिक्सर नव्हता पण चटणीला चव होती, फ्रीज नव्हता पण माठातलं पाणी गार होतं, मोबाईल नव्हता पण माणसं एकमेकांशी बोलत होती... खाली दोन हात जोडलेले आणि एक डोळ्यातून पाणी काढणारा चेहरा! गंमत म्हणजे हा मेसेज आपण वाचतो तेव्हा डोक्यावर पंखा फिरत असतो, आत कुकरची दुसरी शिट्टी झालेली असते आणि वॉशिंग मशीन भरलेलं असतं.

मला या मेसेजचा राग येत नाही. पाट्यावरच्या चटणीची चव खरंच वेगळी असते आणि माठातल्या पाण्याला तोड नाही, हे कोण नाकारेल? पण प्रत्येक वेळी एक प्रश्न मात्र मनात येतो. हा सगळा स्वर्ग चालवत कोण होतं? पाट्यावर वरवंटा आपोआप फिरत होता का? माठ स्वतःच विहिरीवर जाऊन भरून येत होता का?

मैत्रिणींनो, आपण जरा मनातल्या मनात एक खेळ खेळू या. घरातली वीज काढून टाका. गॅस काढून टाका. नळ, मोटार, गिरणी, मिक्सर, फ्रीज, फोन सगळं काढा. आता उद्याचा दिवस उजाडू द्या. कसा जाईल तो?

मला कल्पना करायची गरज पडत नाही, कारण असे दिवस जगलेलं माणूस माझ्याच घरात आहे. माझ्या सासूबाई. वय ऐंशीच्या पुढे. माहेर आणि सासर दोन्ही सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात, म्हणजे पावसाने कायमची पाठ फिरवलेला भाग. सतराव्या वर्षी लग्न होऊन बारा माणसांच्या घरात आल्या. दुपारी आम्ही दोघी भाजी निवडायला बसलो की मी एकेक विचारत जाते आणि त्या सांगत जातात. गोष्ट म्हणून नाही, हिशेब सांगावा तशा.

दिवस सुरू व्हायचा पहाटे चारला. जात्यापासून. घरात बाजरीची भाकरी. बाजरीचं पीठ दोन-चार दिवसांत कडू होतं, त्यामुळे आठवड्याचं दळून ठेवायची सोय नाही. एकाआड एक दिवस तरी बसावंच लागायचं. समोर जाऊ बसायची, खुंट्याला दोघींचे हात. मी एकदा हौसेने म्हटलं, ‘‘आई, जात्यावर ओव्या म्हणायचात ना? किती छान वाटत असेल!’’ त्यावर त्या माझ्याकडे बघतच राहिल्या. ‘‘अगं, हौस कसली? डुलकी लागू नये म्हणून म्हणायचो. न्हाईतर कपाळ आपटायचं खुंट्यावर!’’

त्यानंतर पाणी. आड गावाच्या खालच्या अंगाला. डोक्यावर चुंबळ, चुंबळीवर हंडा, हंड्यावर कळशी. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो वजन. हंडा आणि कळशी मिळून वीस लिटर धरू. माणशी अगदी पंधरा लिटर म्हटलं, तरी बारा माणसांना एकशे ऐंशी लिटर पाणी लागतं. म्हणजे नऊ खेपा! त्यात जनावरांचं पाणी धरलेलं नाही. उन्हाळ्यात आडाने तळ गाठला की पोहरा आत सोडून वाटीवाटीने पाणी साठण्याची वाट बघत बसायचं. रात्री गर्दी कमी म्हणून बायका रात्री पाण्याला जायच्या.

मग चूल. आदल्या दिवशी सरपण आणलेलं असेल तर ठीक, नाहीतर ओल्या चिपाडांशी झटापट. फुंकणीने फुंकून फुंकून डोळे लाल. पुढे चुलीवर तवा, मागे वैलावर आमटीचं भांडं. आमटीसाठी मसाला पाट्यावर वाटायचा. भाकऱ्या झाल्या की शेतावर न्यायच्या, तिथे खुरपायचं, येताना सरपण गोळा करायचं, मग धुणं, राखेने भांडी, शेणाने सारवण, गोवऱ्या थापणं. संध्याकाळी कंदिलाची काच राखेने पुसून वात कातरायची. पुन्हा भाकरी, पुन्हा भांडी. शेवटी जेवणारी तीच आणि उद्याचं दळण पाखडून ठेवणारीही तीच.

‘‘आणि बसायचात कधी?’’ मी विचारलं.

‘‘दळताना बसूनच असायचो की!’’ त्या म्हणाल्या आणि हसल्या.

हे सगळं काही शे-दोनशे वर्षांपूर्वीचं नाही. विसाव्या शतकाच्या उत्तरार्धातलं आहे. शहरात तोवर एकेक यंत्र येत होतं. मुंबईत १९५०च्या दशकात सिलिंडरचा गॅस आला. १९५९ मध्ये आपल्याकडे प्रेशर कुकर बनू लागले. कुकरची युक्ती साधीच आहे. वाफ कोंडली की दाब वाढतो आणि पाणी शंभर अंशांऐवजी साधारण एकशे वीस अंशांना उकळतं. जी डाळ तास तास शिजायची, ती तीन शिट्ट्यांत मऊ! भौतिकशास्त्राचा एक धडा आणि बाईचा रोजचा एक तास मोकळा.

मिक्सरची गोष्ट तर मला फार आवडते. परदेशी मिक्सर फळांचा रस काढण्यासाठी बनवलेले. आपल्या ओल्या खोबऱ्यापुढे, हळकुंडापुढे आणि भिजवलेल्या डाळीपुढे त्यांची मोटार मान टाकायची. १९६०च्या दशकात मुंबईत सत्यप्रकाश माथूर नावाचे इंजिनीअर होते. त्यांच्या पत्नी माधुरी यांचा परदेशी मिक्सर असाच बंद पडला आणि दुरुस्त करून मिळेना. त्यातून माथूरांनी आपल्या वाटणाला पुरे पडेल अशा दमदार मोटारीचा मिक्सर तयार केला. तोच ‘सुमीत’. पुढे कित्येक वर्षं मिक्सर म्हणजे सुमीत हे समीकरणच होतं. स्वयंपाकघरातल्या एका बाईची अडचण कुणीतरी गंभीरपणे घेतली म्हणून पाटा-वरवंटा भिंतीला टेकला!

सासूबाईंच्या गावात मात्र पहिली आली ती डिझेलवरची गिरणी. तिचा ‘पुक पुक’ आवाज ऐकू आला की बायका डबे घेऊन निघायच्या. त्या दिवसाबद्दल सांगताना आजही त्यांचा चेहरा उजळतो. म्हाताऱ्या माणसांनी नाकं मुरडली होती म्हणे. गिरणीचं पीठ गरम होतं, त्यातला कस जातो, बायका आळशी होतात वगैरे. ‘‘ज्यांनी कधी खुंट्याला हात लावला न्हाई, त्यांनाच जात्याचं पीठ गोड लागायचं,’’ इति सासूबाई.

पण दळण-कांडण हा या हिशेबाचा एक भाग झाला. खरा मोठा आकडा वेगळ्याच रकान्यात आहे. सासूबाईंचं पहिलं मूल सातव्या दिवशी गेलं. बाळ दूध ओढेना, जबडा बसला, अंग ताठ झालं. गावात म्हणाले, बाहेरचं काहीतरी झालं. तो धनुर्वात होता, हे त्यांना कळलं कित्येक वर्षांनी, धाकट्या नणंदेला दिवस राहिल्यावर दवाखान्यात सुई टोचली तेव्हा. नाळ घरातल्या विळ्याने कापलेली. गरोदरपणी धनुर्वाताची लस आणि नाळ कापायला एक निर्जंतुक पातं, एवढ्याने जे टळलं असतं, त्याचं दुःख एका बाईने साठ वर्षं पदराला बांधून ठेवलंय. लस दोन ते आठ अंश तापमानात ठेवावी लागते. कारखान्यापासून खेड्यातल्या उपकेंद्रापर्यंत ती थंडीची साखळी तुटून चालत नाही. आपल्याला फ्रीज म्हटलं की आइस्क्रीम आणि मळून ठेवलेली कणीक आठवते. पण याच फ्रीजने किती बाळं वाचवली असतील! २०१५ मध्ये भारतातून माता आणि नवजात बाळांच्या धनुर्वाताचं उच्चाटन झाल्याचं जाहीर झालं. ती बातमी मी सासूबाईंना वाचून दाखवली. त्या काही बोलल्या नाहीत. उठून देवाजवळ दिवा लावून आल्या.

डॉक्टर आनंदीबाई जोशी आपल्या सगळ्यांना माहीत आहेत. चौदाव्या वर्षी झालेलं त्यांचं बाळ दहा दिवसांत गेलं आणि त्यातून डॉक्टर व्हायची जिद्द जागी झाली. १८८६ मध्ये अमेरिकेत पदवी मिळवून त्या परतल्या आणि फेब्रुवारी १८८७ मध्ये क्षयाने गेल्या. वय वर्षं एकवीस! क्षयावरचं पहिलं प्रभावी औषध, स्ट्रेप्टोमायसिन, सापडलं १९४३ मध्ये. पूर्वी सगळं छान होतं असं म्हणताना या छपन्न वर्षांचं अंतर कुठे मांडायचं?

आणि मासिक पाळीचं काय? जुन्या लुगड्याच्या घड्या, त्या धुवायला पाणी नाही, वाळवायला ऊन नाही, कारण कुणाच्या नजरेस पडता कामा नयेत. परसाकडेला जायचं तर अंधार पडेपर्यंत थांबायचं, म्हणून दिवसभर पाणी कमी प्यायचं. त्या गोड मेसेजमध्ये या ओळी कधी दिसत नाहीत. कारण ते दिवस लिहिणाऱ्याने अंगणातून पाहिलेले असतात, मोरीतून नाही.

मोबाईलवर तर आपण सगळेच तुटून पडतो. मुलं जेवताना स्क्रीन बघतात, नवरा सोफ्यावर रील्स बघतो, आपणही काही कमी नाही. तक्रार खरीच आहे. पण फोन नसण्याचा एक अर्थ मला सासूबाईंकडून कळला, तो विसरता येत नाही. त्यांची शाळा दुसरीत सुटली, धाकट्या भावंडांना सांभाळायला आणि पाणी भरायला. त्यामुळे माहेरी पत्र लिहायचं ते धाकट्या दिराकडून. तिकडे आईलाही वाचता येत नव्हतं, तेव्हा ते वाचणार गावचे मास्तर. मधे सासरे ऐकायला बसलेले. अशा पत्रात बाई काय सांगणार? ‘सर्व खुशाल आहे.’ बाळ गेलं तेव्हाही पत्रात दोनच ओळी होत्या. आईच्या गळ्यात पडून रडता आलं ते चार महिन्यांनी, यात्रेला माहेरी गेल्यावर. आणि दारात तारवाला दिसला तर बायका तार वाचायच्या आधीच रडायला लागायच्या. २०१३च्या जुलैमध्ये तार बंद झाली. आज सासूबाई रोज संध्याकाळी खोलीचं दार ओढून घेऊन फलटणच्या बहिणीशी व्हिडिओ कॉलवर बोलतात. दार का ओढून घेतात, हे मी कधी विचारत नाही. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना मधला माणूस नको असलेलं पत्र मिळालंय.

म्हणजे मग यंत्रं आली आणि बाई सुटली, असं म्हणायचं का? थांबा, इथेच तर खरी मेख आहे.

गेल्या मे महिन्यात आमच्या भागातला ट्रान्सफॉर्मर जळाला आणि आमची सात मजल्यांची इमारत दोन दिवस अंधारात गेली. लिफ्ट बंद, पंप बंद, मिक्सर बंद, वायफाय बंद. पहिला तासभर सगळ्यांनाच मजा वाटली. मग टाकी संपली आणि खाली टँकर आला. जिन्यात जी रांग लागली, ती बघण्यासारखी होती. बादल्या घेऊन उतरणाऱ्या दहा जणांमध्ये आठ बायका. पुरुष खाली उभे राहून वीज कंपनीला फोन लावत होते आणि ट्रान्सफॉर्मरची क्षमता किती असायला हवी, यावर चर्चा करत होते. ज्या घरांत वॉशिंग मशीन आहे तिथलं धुणं कुणी केलं? घरकामाला येणाऱ्या मावशींनी, हाताने, तेवढ्याच पगारात. यंत्र बंद पडलं की काम हवेत विरून जात नाही. ते आपला जुना पत्ता शोधत बरोबर त्याच हातांकडे परत येतं.

रूथ श्वार्ट्झ कोवन या अमेरिकन इतिहासकार बाईंनी १९८३ मध्ये याच विषयावर एक अख्खं पुस्तक लिहिलं. त्यांचं निरीक्षण मोठं मार्मिक आहे. घरात यंत्रं आली तेव्हा पुरुषांची आणि मुलांची कामं आधी संपली, म्हणजे लाकडं फोडणं, धान्य दळून आणणं वगैरे. बाईचं काम हलकं झालं पण तास फारसे कमी झाले नाहीत, कारण अपेक्षा वाढल्या. आपल्याकडे बघा ना! पूर्वी शर्ट दोन दिवस चालायचा, आता मशीन आहे म्हणून एकदा घातला की टबात. पूर्वी एक भाजी-भाकरी, आता मिक्सर आहेच तर दोन चटण्या, डब्याला एक, जेवायला एक. रविवारी इडली, बुधवारी पावभाजी. यंत्राने वाचवलेला तास घराने परत गिळून टाकला.

सरकारी आकडेच बोलके आहेत. केंद्र सरकारच्या वेळ-वापर पाहणीनुसार २०१९ मध्ये घरकाम करणाऱ्या बायका त्यात दिवसाला सरासरी २९९ मिनिटं घालवत होत्या आणि घरकाम करणारे पुरुष ९७ मिनिटं. २०२४ च्या पाहणीत बायकांची मिनिटं झाली २८९. वाटलं ना, बरं झालं? पण पुरुषांची झाली ८८! पाच वर्षांत किती नवी उपकरणं घरात आली, पण दोघांमधलं अंतर जिथल्या तिथे. शिवाय पाहणीच्या दिवशी घरकामाला हात लावणारे पुरुष होतेच मुळी चारांतला एक.

आणि ज्यांच्यासाठी हा मनातला खेळ नाही, त्यांचं काय? शहापूर तालुका मुंबईपासून शंभर किलोमीटरच्या आतला. तानसा, भातसा ही धरणं तिथली. त्यांचं पाणी मुंबईच्या नळाला येतं आणि त्याच तालुक्यातल्या पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघत हंड्यांच्या रांगा लागतात. १ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली, गरीब घरांत सिलिंडर पोहोचला, ही मोठीच गोष्ट. पण दुसरा सिलिंडर घ्यायला हातात पैसे नसले की शेगडी फडक्याखाली झाकली जाते आणि चूल पुन्हा पेटते. घरातल्या अशा धुराने २०२० मध्ये जगभरात सुमारे ३२ लाख माणसं दगावल्याचं जागतिक आरोग्य संघटना सांगते. तंत्रज्ञान नसलेलं आयुष्य बघायला भूतकाळात जायची गरज नाही. एसटीने दोन तास गेलं तरी पुरे.

हरवलं काहीच नाही, असं मात्र मी म्हणणार नाही. आडावर बायका एकमेकींची सुख-दुःखं ऐकायच्या, ती जागा गेली. जात्यावरच्या ओव्यांमध्ये सासरचा जाच, भावाची माया, विठोबाशी भांडण असं सगळं होतं. हेमा राईरकर आणि गी पॉइत्वाँ यांनी गावोगाव फिरून आपल्या सहकाऱ्यांसह एक लाखाहून अधिक ओव्या जमवल्या, हे केवढं मोठं काम! २०१७ पासून त्या ‘पीपल्स आर्काइव्ह ऑफ रुरल इंडिया’ने लोकांपुढे आणल्या आहेत. ओव्या जपायलाच हव्यात. पण ओव्या जपायच्या म्हणून जातं परत आणायचं नसतं. आडावरची मैत्री हवी तर बायकांना एकत्र बसायला हक्काची दुपार हवी, डोक्यावर हंडा कशाला?

हान्स रोझलिंग हे स्वीडनचे डॉक्टर. त्यांनी २०१० मध्ये एका भाषणात आपल्या लहानपणीची आठवण सांगितली होती. घरात पहिलं वॉशिंग मशीन आलं तेव्हा त्यांची आजी खुर्ची घेऊन समोर बसली आणि कपडे धुऊन होईपर्यंत बघत राहिली. आणि आई? कपडे मशीनमध्ये टाकून ती छोट्या हान्सला घेऊन लायब्ररीत गेली. मशीनमधून पुस्तकं निघतात, असं ते म्हणायचे ते याच अर्थाने. म्हणजे यंत्राचं मोल किती वॅटचं यावर नाही, वाचलेला वेळ कुणाच्या नावावर जमा झाला यावर ठरतं.

मी सासूबाईंना विचारलं होतं, ‘‘आई, यातलं एकच ठेवायचं, बाकी सगळं परत द्यायचं, तर काय ठेवाल?’’ मला वाटलं गॅस म्हणतील, नाहीतर मोबाईल. एका क्षणाचाही विचार न करता त्या म्हणाल्या, ‘‘नळ. नळ असता तर माझी शाळा सुटली नसती.’’

त्या दोन दिवसांच्या अंधारानंतर आमच्या घरात एक बदल मात्र झाला. मशीन कसं लावायचं, कुकरला शिट्टी किती, गॅसचा नंबर कसा लावायचा, हे एका कागदावर लिहून फ्रीजवर चिकटवलंय. बुधवार-शनिवार मशीन मुलाकडे, रात्रीचा कुकर त्याच्या बाबांकडे. पहिल्या आठवड्यात पांढरे शर्ट गुलाबी झाले आणि वरणाची खीर झाली. होऊ दे! बुधवार-शनिवारची ती मोकळी वेळ सासूबाई आणि मी वापरतो मोठ्या अक्षरांच्या पुस्तकासाठी. त्या बोट ठेवून वाचतात, जोडाक्षर आलं की थांबतात. परवा ‘स्वातंत्र्य’वर बराच वेळ अडल्या होत्या. मी सांगू लागले तर म्हणाल्या, ‘‘थांब गं, मला काढू दे.’’

तुमच्या घरात मिक्सर, मशीन, कुकर असेलच. त्यांनी वाचवलेले तास गेल्या आठवड्यात कुठे गेले, एकदा लिहून काढाल? आणि त्या कागदावर एखादा तास तुमच्या नावाचा सापडतो का, तेही बघा.